बारगिरांच्या वाटेने परिषदेला

गेल्या डिसेंबरात कलकत्त्याला इतिहासाची एक परिषद भरली होती. शहराचे नाव आता कोलकाता झाले आहे हे मला ठाऊक आहे. पण ज्या काळाविषयी मला तेथे बोलायचे होते त्या काळात ते कलकत्ताच होते, तेव्हा येथेही तेच राहू द्यावे. परिषदेचा विषय अठराव्या शतकातील बंगाल. नागपूरकर भोसल्यांच्या बंगाल-स्वाऱ्यांवर माझी एक कादंबरी आहे. ती तिकडच्या कोणा प्राध्यापकाच्या कानांवर कशी गेली देव जाणे. पण मराठी बाजूने कोणीतरी बोलावे म्हणून मला बोलावणे आले. कार्यक्रमपत्रिकेत इतरांच्या नावांमागे पदव्यांची रांग होती. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले. म्हणून माझ्या नावापुढे 'कादंबरीकार व शिक्षक' एवढेच छापले होते, आणि तेही मी चार वेळा वाचले.

विमानाचे तिकीट परिषदवाले देणार होते. पुण्याहून कलकत्ता अडीच-पावणेतीन तासांचे. सकाळी निघावे, दुपारी निबंध वाचावा, दुसऱ्या दिवशी रात्री घरी वरणभात खावा. मी कळवले की मी आगगाडीने येईन. तिचे भाडे दिलेत तर उपकार होतील. त्यांना वाटले, माणूस विमानाला भितो. शाळेत मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जाकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, विमानाने गेलात तर दोन दिवस कर्तव्यरजा धरता येईल. आगगाडीने गेलात तर वरचे तीन दिवस बिनपगारी. विचार करा." मी विचार केला आणि अर्ज तसाच पुढे सरकवला. घरात मात्र तीन दिवसांच्या पगाराचा हिशेब दोन रात्री चालला होता.

आगगाडीच का, याची कारणे मी लोकांना निरनिराळी सांगितली. खरी दोनच होती. पहिले असे की निबंध अर्धाच लिहून झाला होता, आणि चौतीस तास कोणी वह्या तपासायला देणार नाही अशी दुसरी जागा मला ठाऊक नव्हती. दुसरे कारण सातवीच्या वर्गातील एक मुलगा. त्याच्या घरी लग्नाच्या वरातीची घोडी आहे. मराठ्यांच्या राज्यविस्ताराचा धडा चालू असताना मी मोठ्या आवेशाने सांगत होतो की नागपूरची फौज थेट बंगालपर्यंत गेली. त्याने हात वर केला. "गुरुजी, मग घोडी वाटेत काय खात होती?" मी म्हणालो, "वाटेत मिळेल ते." मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. ज्या वाटेवर मी चारशे पानांची कादंबरी लिहिली ती वाट मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

विद्वानांनी एका गावी जमून वाद घालावा ही चाल आज आपल्याला फार जुनी वाटते. शास्त्रार्थ आपल्याकडे होतेच. पण देशोदेशींच्या माणसांनी ठरलेल्या तारखेला एकत्र यायचे, निबंध वाचायचे आणि आपापल्या गावी परतायचे, ही परिषद म्हणजे सरळसरळ आगगाडीचे अपत्य आहे. जर्मनीत पहिली आगगाडी १८३५ साली धावली. त्यानंतर पंचवीसच वर्षांनी, १८६० च्या सप्टेंबरात, कार्ल्सरुहे या गावी युरोपभरचे सव्वाशेवर रसायनशास्त्रज्ञ जमले. अणूचे वजन कसे धरावे याविषयी तेव्हा एवढा घोळ होता की पाण्याचे सूत्रसुद्धा सगळे सारखे लिहीत नसत. तीन दिवस वाद झाला आणि निकाल काही लागला नाही. निघता निघता इटलीच्या कॅनिझारोची एक लहानशी पुस्तिका त्याच्या मित्राने सर्वांना वाटली. लोथार मायर या तरुण शास्त्रज्ञाने ती परतीच्या वाटेत वाचावी म्हणून खिशात घातली. ती वाचल्यावर आणि घरी पोचून पुन्हा पुन्हा वाचल्यावर आपल्या डोळ्यांपुढचे पटल दूर झाले, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्याच परिषदेस रशियाचा तरुण मेंडेलीव हजर होता. १८६९ साली त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली, आणि मायरही स्वतंत्रपणे जवळजवळ तेथेच पोचला होता. शाळेत भिंतीवर टांगलेल्या त्या तक्त्याकडे मी आता जरा निराळ्या नजरेने पाहतो. सभागृहात जे सुटले नाही ते निदान एका माणसाच्या बाबतीत परतीच्या वाटेवर सुटू लागले.

आपल्याकडची हकीकतही याच रुळांवरून चालते. प्राच्यविद्येच्या पंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ साली पॅरिसला भरली. पुढच्याच वर्षी लंडनच्या परिषदेचे निमंत्रण रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना आले. ते जाऊ शकले नाहीत. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तेवढा गेला. १८८६ साली मात्र ते व्हिएन्नाच्या परिषदेस स्वतः गेले. भांडारकर त्या वेळी पुण्यास डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते. परत आल्यावर त्यांनी त्या प्रवासाची हकीकत सविस्तर लिहिली. पूर्वी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात असलेले ब्यूलर तेव्हा व्हिएन्नात अध्यापक होते. ज्या माणसांशी वर्षानुवर्षे पत्रांतून आणि लेखांतून वाद घातला, त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलण्याचा तो योग होता. १९१९ साली पुण्यात भांडारकर संस्थेत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली तेव्हा तिचे अध्यक्षपद ब्याऐंशी वर्षांच्या भांडारकरांकडेच आले. त्या परिषदेला आणि १९३५ साली भारत इतिहास संशोधक मंडळाने पुण्यातच भरवलेल्या इतिहास परिषदेला देशभरची माणसे आली ती आगगाडीनेच. दोन-दोन, तीन-तीन दिवसांचा प्रवास करून येणारा माणूस आपला निबंध वाचून तासाभरात परत फिरत नाही. तो राहतो, जेवतो, भांडतो, दुसऱ्याच्या घरचे दप्तर पाहतो.

समुद्रावरची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली ऑक्सफर्डला ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांच्या परिषदेसाठी गेले. बोटीच्या डेकवर उभे राहून भूमध्य समुद्राची निळाई पाहताना त्यांना प्रश्न पडला की हा रंग नुसते आकाशाचे प्रतिबिंब असेल काय. परतताना त्यांनी बोटीवरच त्याचा शोध घेतला आणि त्याविषयीचे पत्र बोट मुंबई बंदरात असताना 'नेचर' या नियतकालिकासाठी लिहिले. १९२८ चा त्यांचा जगप्रसिद्ध शोध त्याच वाटेने पुढे आला. परिषदेत ते काय बोलले हे आज फारसे कोणाला आठवत नाही.

मी राहतो मावळात. आमच्या लोकलच्या वाटेवर कामशेत लागते. १९२५ साली बडोद्याची नोकरी सोडल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई या गावी येऊन राहिले. त्यांचा आणि जदुनाथ सरकारांचा पत्रव्यवहार १९०४ पासूनचा. सरकार बंगालचे. मराठ्यांनी बंगालची जी दैना केली तिच्याविषयी त्यांनी कठोरच लिहिले आहे. कोणत्याही मराठी माणसाला ती पाने सुखाने वाचता येणार नाहीत. आणि तरीही हे गृहस्थ आगगाडीत बसून इतक्या दूरवरून कामशेतला येत, सरदेसायांच्या घरी राहत, दोघे मिळून किल्ले आणि रणभूमी पाहत, आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे प्रचंड काम त्यांनी मिळून पार पाडले. १९५८ साली सरकार गेले आणि १९५९ साली सरदेसाई. कामशेतच्या फलाटावर लोकल थांबली की मला नेहमी वाटते, येथे उतरलेल्या त्या बंगाली विद्वानाने आपल्या यजमानाला बर्गींविषयी पहिला प्रश्न कधी विचारला असेल?

त्या दिवशीही लोकल कामशेतला थांबली. मग पुणे, आणि संध्याकाळी आझाद हिंद एक्सप्रेस. दौंड, नगर, मनमाड करीत ती रात्रभर धावते. सकाळी नागपूर आले तेव्हा मी चहाचा कागदी पेला हातात घेऊन फलाटावर उतरलो. माझ्या कादंबरीचा पहिला अध्याय येथूनच सुरू होतो.

ज्या वाचकांना हा इतिहास परका असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७४२ साली रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन नागपूरकडून निघाले. आजच्या बिलासपूरच्या उत्तरेला पंचवीसएक किलोमीटरवर असलेले रतनपूर आधीच त्यांच्या हाती आले होते. तेथून रामगड आणि पंचेतच्या रानांतून ही फौज बरद्वानवर उतरली. बंगालचा नवाब अलीवर्दीखान त्या वेळी ओरिसातून परतत होता. तो बरद्वानला कोंडीत सापडला. चौथाई हवी, एवढीच मागणी होती. मुर्शिदाबादची उपनगरे लुटली गेली, जगत्शेठांची पेढीही सुटली नाही. त्या वर्षी भास्करपंतांनी कटव्याजवळ दाइँहाटला दुर्गापूजा मांडली, आणि पूजेच्या दिवसांतच अलीवर्दीने पहाटे छापा घालून त्यांना पिटाळले. १७४३ साली तर नानासाहेब पेशवे स्वतः बंगालमध्ये उतरले, ते नवाबाच्या बाजूने आणि रघुजींच्या विरुद्ध. म्हणजे बंगालच्या भूमीवर दोन मराठी फौजा, एक लुटणारी आणि एक त्या लुटीपासून राखण्याचा मोबदला घेणारी. शेवटी सातारच्या शाहूमहाराजांनी दोघांच्या हद्दी वाटून दिल्या. १७४४ च्या मार्चमध्ये अलीवर्दीने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भास्करपंतांना मानकऱ्याच्या तंबूत बोलावले आणि त्यांच्यासह वीस-एकवीस सरदारांची कत्तल केली. स्वाऱ्या तरीही थांबल्या नाहीत. १७५१ साली तह झाला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई आणि ओरिसाचा वसूल भोसल्यांना. मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही.

माझ्या कादंबरीत मानकऱ्याचा तंबू पंचवीस पानांचा आहे. शाळेत ते प्रकरण वाचून दाखवताना माझा स्वतःचा गळा दाटून येतो. निबंधातही मी तोच सूर धरला होता. विश्वासघात, शौर्य, मग तह. फौजेच्या वाटचालीला एक वाक्य दिले होते: 'रतनपूर-पंचेतमार्गे सैन्य बरद्वानास पोहोचले.'

आता ते वाक्य खिडकीबाहेर उलगडू लागले. गोंदियानंतर डोंगर आणि रान लागते, गाडीची चाल मंदावते, बोगदा येतो. डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ दिसते. मग शिवनाथ नदी आणि छत्तीसगडचे सपाट मैदान. धान कापून झाले होते. खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग उभे होते, बायका उफणणी करीत होत्या. हा सारा रूळ बंगाल-नागपूर रेल्वेचा. १८८७ साली ती कंपनी निघाली, छत्तीसगडची जुनी अरुंद लाइन तिने रुंद केली, आणि १९०० साली खडगपूरवरून हावड्याला जोडली. त्याआधी मुंबईचा माणूस कलकत्त्याला जबलपूर-अलाहाबादच्या वळशाने जाई, तोही १८७० नंतर. मधला हा मुलूख दोन्हीकडच्या लोकांना कोराच होता. भोसल्यांच्या घोडदळाला मात्र तो कोरा नव्हता.

बिलासपूरच्या अलीकडे आमची गाडी बाजूला काढून ठेवली. शेजारून कोळशाची मालगाडी जात होती. वेळ घालवण्यासाठी मी तिच्या वाघिणी मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. आणि एकदम त्या मुलाची घोडी आठवली. पेन्सिल काढून गणित मांडले. नागपूर ते बरद्वान हजारएक किलोमीटर. फौज दिवसाला पंचवीस किलोमीटर चालली तर चाळीस मजला. घोडी दहाच हजार धरू. एका घोड्याला वैरण आणि चंदी मिळून दिवसाला दहा किलो. म्हणजे रोजचे शंभर टन; चाळीस दिवसांचे चार हजार. एका वाघिणीत साठ टन मावतात असे धरले तर सदुसष्ट वाघिणी होतात. माझ्यासमोरून गेलेली आख्खी मालगाडी, आणि वर दुसरीच्या नऊ वाघिणी. हे नुसते जनावरांचे. माणसांचे पीठ-मीठ निराळे, परतीचे निराळे, आणि अशा स्वाऱ्या नऊ-दहा वर्षे झाल्या.

एवढे खाणे नागपूरहून कोणी बरोबर नेत नाही. ते त्या खळ्यांवरूनच उचलले गेले असणार. खिडकीबाहेर एक म्हातारा पेंढ्या रचत होता. सुगी संपल्यावर फौजा का निघत, हे मी वर्गात दरसाल शिकवतो: पाऊस सरतो, नद्या उतरतात, वाटा कोरड्या होतात. खळी भरलेली असतात, हे कारण मी कधी सांगितले नव्हते. तीस हजार फुटांवरून जाताना हे शेत मला हिरवट-पिवळ्या चौकोनासारखे दिसले असते, आणि मी निबंधातील मानकऱ्याच्या तंबूवर शेवटचा हात फिरवीत बसलो असतो.

माझ्यासमोरच्या बाकावर पुण्यापासून एक बंगाली कुटुंब होते. मुलगी पुण्यात संगणकाच्या कंपनीत कामाला, तिचा दीड-दोन वर्षांचा मुलगा, आणि तिची आई. आई बरद्वान जिल्ह्यातील एका खेड्यातल्या. दुपारपर्यंत आमची ओळख डब्यांपर्यंत पोचली होती. मी त्यांना भाजणीची चकली दिली आणि त्यांनी मला नारळाचे लाडू. मी शिक्षक म्हटल्यावर त्या मला 'माश्टारमोशाय' म्हणू लागल्या, मी त्यांना 'मासीमा'. बोलणे हिंदीत चाले, दोघांच्याही मोडक्या हिंदीत.

रात्र झाली, दिवे मालवले, पण पोर काही झोपेना. मासीमा त्याला मांडीवर घेऊन थोपटू लागल्या आणि गुणगुणू लागल्या. शब्द मला कळत नव्हते; एक मात्र ओळखीचा निघाला. बर्गी. बंगालमध्ये हे अंगाईगीत घराघरांत आहे हे मी पुस्तकात वाचले होते. त्यात पोर निजल्याचे आहे, बर्गी आल्याचे आहे, धान पाखरांनी फस्त केल्याचे आहे आणि सारा कशातून भरायचा ही काळजी आहे. पण वाचणे निराळे आणि हातभर अंतरावर, अंधारात, एका पोराला निजवण्यासाठी ते ऐकणे निराळे. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. आपल्याकडे हा शब्द हजेरीपटातला. तिकडे तो पोरांना भिववण्याचा झाला.

"मासीमा, बर्गी म्हणजे कोण?" मी माहीत असून विचारले.

"लुटारू होते, बाबा. फार मागे. पश्चिमेकडून घोड्यांवर येत. आमच्या आजी सांगायच्या, बर्गी आले की भांडीकुंडी तळ्यात टाकायची आणि बायकापोरांनी रानात पळायचे. आमच्या गावच्या तळ्यात अजून कुणाची तरी कासेची वाटी असेल म्हणायच्या."

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग सांगितले, "मी त्यांच्याच देशचा."

त्या मोठ्याने हसल्या. मुलगी जागी झाली. "मग घोडा कुठे बांधलात, माश्टारमोशाय? टाटानगरला?" पोरही हसले आणि त्याची झोप पार उडाली. मासीमा पुढे म्हणाल्या, "राग मानू नका. गाणे आहे ते. बर्गी कुणी पाहिलाय?" मी राग मानला नव्हता. मला लाज वाटत होती, आणि तीही भास्करपंतांची नव्हे, माझी स्वतःची. माझ्या निबंधात चौथाई होती, बारा लाख होते, विश्वासघात होता. तळ्यातील वाटी कोठेच नव्हती.

गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्र पुराण' म्हणून एक काव्य आहे, १७५१ च्या सुमाराचे. गावे कशी जळाली, पंडित पोथ्या घेऊन आणि सोनार तराजू घेऊन कसे पळाले, बायकांवर काय प्रसंग ओढवले, हे त्याने लिहून ठेवले आहे. विशेष असे की आरंभी तो मराठ्यांना देवाचे पाठवलेले म्हणतो: लोक पापी झाले म्हणून शिवाने त्यांना शिक्षा करायला धाडले. पण पुढे अत्याचार पाहून देवीच भास्करावर उलटते. मी त्या काव्याला एक तळटीप दिली होती: 'शत्रुपक्षाची अतिशयोक्ती.' काही ठिकाणी ती असेलही. कवी आहे तो. पण मानकऱ्याचा तंबू रंगवताना मी कुठे मोजूनमापून लिहिले होते?

टाटानगर गेले. गाडी सुवर्णरेखेच्या पुलावरून गेली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. खाली काही दिसत नव्हते, फक्त पुलाचा आवाज बदलला. जी नदी ओलांडायची नाही असा तह झाला होता ती मी वरच्या बर्थवर आडवा पडून, फोनच्या उजेडात निबंधाची पाने खोडीत ओलांडली. तंबूचा भाग दोन परिच्छेदांवर आणला. वाघिणींचे गणित घातले. तळटीप वर मजकुरात आणली आणि 'अतिशयोक्ती' हा शब्द काढला. हावड्याला उतरताना पहाट होती. मासीमांनी हातावर दोन लाडू ठेवले आणि पोराला म्हणाल्या, "बर्गीदादूला नमस्कार कर." त्याने केला.

परिषदेत फार मोठे काही घडले नाही. मला पंधरा मिनिटे होती, त्यांत चौदा पुरली. माझ्या सत्रात चौघे वक्ते होते. त्यांतील दोघे आपले वाचून विमानतळाकडे गेले, त्यांच्या मोटारी बाहेर उभ्याच होत्या. त्यांना दोष देत नाही. एक बाई घरी तापलेले मूल ठेवून आल्या होत्या; त्यांना अडीच तासांचे विमान नसते तर येताच आले नसते. प्रश्नांच्या वेळी एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारले, "तळ्यातील वाटीला आधार कोणता?" मी म्हणालो, "आझाद हिंद एक्सप्रेसमधील एक आजी." सभागृह हसले. तेही हसले, पण म्हणाले की आधार म्हणून हे चालणार नाही, आणि ते बरोबरच होते. मी ती हकीकत 'लोकस्मृती' म्हणून वेगळी टाकीन असे कबूल केले.

कटकहून रात्रीच्या गाडीने आलेले एक ओडिया शिक्षक तेथे भेटले. आम्हा दोघांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी रात्री होत्या, म्हणून सकाळी दोघे बागबाजारला मराठा डिच लेन नावाची गल्ली पाहायला गेलो. १७४३ साली मराठ्यांच्या भीतीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तीनएक मैल खणून झाला. मराठे तेथवर आलेच नाहीत, आणि काम तसेच राहिले. १७९९ साली तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आता गल्लीचे नाव तेवढे उरले आहे. चहा पिता पिता ओडिया गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे तुमची आठवण दुहेरी आहे. साराही सोसला, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे उभा राहिला तोही तुमच्याच अमदानीत. १८०३ पर्यंत तुम्ही आमच्याकडे होता." या दोन तासांत मी जे ऐकले ते कोणत्याही सत्रात ऐकले नव्हते.

आजकाल परदेशांत काही शास्त्रज्ञ परिषदांना विमानाने जायचे नाही असा नेम करतात. कारण हवेचे आहे: विमानाच्या मानाने आगगाडी माणशी फार थोडा कर्बवायू सोडते. स्वीडनमध्ये २०१८ च्या सुमारास 'उडण्याची लाज' अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. २०२३ साली जर्मनीतील कील येथील एका संशोधकाने पापुआ न्यू गिनीहून तातडीने विमानाने परतायला नकार दिला, आणि त्यापायी त्याची नोकरी गेली. त्याच्यापुढे माझे तीन बिनपगारी दिवस काहीच नव्हेत. मी मोठेपणा मिरवू इच्छीत नाही. आमच्या गाडीचे इंजिन विजेचे होते खरे. पण ती वीज पुष्कळशी कोळशाची, आणि तो कोळसा अठ्ठावन्न वाघिणींतून माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. फरक आहे, तो थोडाथोडका नाही, एवढेच म्हणतो.

मला वाटते ती गोष्ट आणखी वेगळी आहे. इतिहास लिहिणाऱ्या माणसाला दप्तराइतकीच वाटही वाचावी लागते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली, तेव्हा कागदाबरोबर तो कागद कोणत्या गावातून, कोणत्या घाटातून आला हेही त्यांच्या पायांना कळत असे. आपण ते अंतर पुसून टाकले आणि मग त्या अंतरावर काय भोगले गेले हे आपल्याला दिसेनासे झाले. प्रत्येकाने प्रत्येक वेळी आगगाडीने जावे असे मी म्हणणार नाही. पण ज्या वाटेवर आपण लिहितो त्या वाटेने आयुष्यात एकदा तरी जमिनीवरून जावे, आणि संस्थांनी त्या दिवसांना रजा न म्हणता काम म्हणावे.

शाळेत परतल्यावर पहिल्याच तासाला मी फळ्यावर सगळे गणित मांडले: घोडी, मजला, टन, वाघिणी. मुलांना मालगाडीचा हिशेब फार आवडला. घोडीवाला मुलगा मात्र आकडे वहीत उतरवून झाल्यावर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात वर केला.

"गुरुजी, एवढे सगळे घोड्यांनी खाल्ले, तर त्या गावांनी त्या वर्षी काय खाल्ले?"

तास संपल्याची घंटा झाली होती. मी त्याला उद्या ये म्हटले, आणि कादंबरीची नवी आवृत्ती काढण्यासाठी प्रकाशकांनी मागितलेली दुरुस्त प्रत अजून पाठवलेली नाही.